शासनाच्या विचाराधीन

आमच्या लष्करी छावणीत त्याला सगळे जीआर म्हणतात. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याला आहे, आधार कार्डावर छापलेलंही आहे, पण त्याची गरज फक्त बँकेत पडते. मागे एकदा कुरियरवाला गल्लीत उभा राहून ते नाव पुकारत होता, तर समोरच्या घरातला पोरगा म्हणाला, "असं इथं कुणी राहत नाही. हे जीआरभाऊचं घर आहे."

नाव पडलं ते त्याच्या बोलण्यावरून. हा माणूस शासन निर्णयाच्या, म्हणजे जीआरच्या, मराठीत बोलतो. टपरीवर पाच ग्लास आले की आपण विचारू, "बिनसाखरेचा कुणाचा?" तो विचारतो, "सदर चहा कोणाच्या नावे मंजूर आहे?" उधारीचा विषय निघाला तर, "तरतूद उपलब्ध होताच यथावकाश अदा करण्यात येईल." टपरीवाले मामू त्याच्या खात्यावर रक्कम मांडतच नाहीत. म्हणतात, "लिखके क्या फायदा? ये तो विचाराधीन है."

वय पस्तिशीच्या आसपास. खांद्याला लॅपटॉपची बॅग. तिच्यात लॅपटॉप, चार्जर, उन्हासाठी रुमाल आणि विजय केळकर समितीचा प्रादेशिक असमतोलावरचा अहवाल, औरंगपुऱ्यात झेरॉक्स काढून स्पायरल मारलेला. शिक्षण एम.ए., विषय लोकप्रशासन. त्यापुढे ऑनलाइन सर्टिफिकेटं, ती किती हे त्यालाही मोजावं लागतं. व्यवसाय : पब्लिक पॉलिसी.

छावणीला हा व्यवसाय नवा आहे. इथल्या पोरांच्या वाटा ठरलेल्या. लष्कराच्या बांधकाम खात्यात, एमईएसमध्ये चिकटायचं, वाळूजला कंपनीत जायचं, नगर नाक्याकडे गॅरेज टाकायचं, नाहीतर गुरुवारच्या बाजारात बापाच्या पालावर बसायचं. त्याचे वडील एमईएसमध्ये इलेक्ट्रिशियन होते. आयुष्यभर साहेबांच्या बंगल्यांचे फ्यूज बांधले आणि पेन्शनवर आले. पोराने जेव्हा घरात जाहीर केलं की मी आता धोरण क्षेत्रात काम करणार, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "शिफ्ट कोणती?"

सुरुवात अर्थातच यूपीएससीपासून झाली. पब्लिक पॉलिसीकडे जाणारी मराठी माणसाची वाट बहुधा सदाशिव पेठेतूनच जाते. हा आधी औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत बसला, मग पुण्यात, मग दिल्लीत. मुलाखतीपर्यंत पोचला होता म्हणतो. कोणत्या साली, ते दरवेळी थोडं सरकतं. परत आला तो एक नवाच साक्षात्कार घेऊन. "काका, कलेक्टर नुसती अंमलबजावणी करतो. धोरण ठरवणारं टेबल वेगळंच असतं. मला त्या टेबलावर बसायचंय." मला कोल्ह्याची गोष्ट आठवली, पण मी ती सांगितली नाही. कारण त्याचं म्हणणं खरंच होतं. ते टेबल वेगळंच असतं. फक्त त्याची जाहिरात निघत नाही.

जाहिरात निघते ती फेलोशिपची, आणि फेलोशिपला वय असतं. दिल्लीत खासदारांबरोबर वर्षभर काम करायची 'लॅम्प' नावाची फेलोशिप आहे, तिला पंचवीस वर्षांची मर्यादा. ही फेलोशिप त्याला पंचविशी उलटल्यावर कळली. राज्यात 2015 साली मुख्यमंत्री फेलोशिप सुरू झाली, तिला सव्वीस. तेव्हा तो पूर्वपरीक्षेच्या तयारीत होता. मान वर केली तोवर सत्ताविसावं लागलं होतं. तुळजापूरला टाटा संस्थेत शिकावं, तर बहिणीचं लग्न निघालं. दिल्लीतल्या खाजगी संस्थांची फी विचारली, तर घर विकावं लागलं असतं. आणि छावणीतलं घर विकणं ही काय चीज आहे, हे छावणीबाहेरच्या माणसाला समजावून सांगायचं तर तीच एक वेगळी फेलोशिप होईल.

ते सांगितल्याशिवाय मात्र हा गृहस्थ कळायचा नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत स्थानिक स्वराज्य संस्था राज्याच्या यादीत आहेत, पाचव्या क्रमांकावर. छावण्यांचा कारभार मात्र केंद्राच्या यादीत, तिसऱ्या क्रमांकावर. खाम नदीवरच्या लोखंडी पुलाच्या त्या अंगाला महापालिका, नगरविकास खातं, मंत्रालय. या अंगाला छावणी परिषद, तिच्यावर रक्षा संपदा विभाग, त्याच्यावर थेट दिल्लीचं संरक्षण मंत्रालय. तिकडे गटार तुंबलं तर नगरसेवकाच्या दारात जातात. इकडे परिषदेचा अध्यक्षच लष्करी अधिकारी असतो, त्याच्या दारात संत्री उभा. तिकडच्या माणसाकडे घराचं पीआर कार्ड असतं, इकडच्या माणसाचं घर जीएलआर नावाच्या रजिस्टरात असतं आणि खालची जमीन बहुतेक वेळा सरकारची असते. म्हणजे राज्यातले सगळे जीआर तोंडपाठ असलेला हा माणूस अशा गल्लीत राहतो, जिथे नगरविकास खात्याचा जीआर पूल ओलांडून येतच नाही. त्याला हे बोलून दाखवलं की तो खूष होतो. "म्हणूनच मी इथं निष्पक्ष राहू शकतो," म्हणतो.

त्यात निवडणुकांचं दुखणं. महापालिकेची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली आणि तिथे प्रशासक बसले, ते बसलेच. छावणीतही निवडून आलेलं बोर्ड गेलं. देशातल्या 57 छावण्यांची निवडणूक 30 एप्रिल 2023 ला होणार असं जाहीर झालं, लोकांनी फ्लेक्सची मापं दिली, आणि मार्चमध्येच ती रद्द झाली. त्या काळात पुलाच्या दोन्ही अंगांना लोकांनी निवडलेलं कुणीच नव्हतं. जीआरने तेव्हा 'स्थानिक प्रतिनिधित्व : एक तुलनात्मक अभ्यास' असा निबंध लिहायला घेतला. दोन रकाने आखले, दोन्हींत शून्य आलं, निबंध तिथेच थांबला.

तसा छावणीने वरून आलेल्या हुकमावर आपलं मत एकदा नोंदवलं होतं. जून 1857 मध्ये इथल्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडेस्वारांनी बंड केलं. त्याचं उत्तर त्यांना क्रांती चौकातल्या काळ्या चबुतऱ्यावर देहदंडाने मिळालं. हरकती व सूचना लेखीच द्याव्यात, ही पद्धत तेव्हापासूनच पडली असावी.

जीआरच्या हरकती कायम लेखी असतात. आणि घरापासून सुरू होतात.

मराठवाड्यातलं पोर 'अनुशेष' हा शब्द मराठीच्या पुस्तकाआधी पेपरात वाचतं. वि. म. दांडेकरांच्या समितीने 1984 मध्ये अहवाल दिला. प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे ते मोजलं, आणि जेवढा मागे तेवढा त्याचा अनुशेष. पुढे 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, 2013 मध्ये केळकरांचा अहवाल आला, मंत्रिमंडळाच्या बैठका इथे येऊन भरल्या, हजारो कोटींचे आकडे टाळ्यांत वाचले गेले, आणि नळाला पाणी आठवड्याने येत राहिलं. जीआरने दांडेकरांची पद्धत घरात लावली. दिवाळीचे कपडे, सायकल, गाडी, क्लासची फी असे निर्देशांक ठरवून कुटुंबाची सरासरी काढली. धाकट्या भावाला बारावीत गाडी मिळाली होती, याला एम.ए.लाही नाही. एक लाख बारा हजारांचा अनुशेष निघाला, आणि तो 'कालबद्ध कार्यक्रम आखून' भरून काढावा अशी टिपणी त्याने वडिलांच्या पासबुकात ठेवली. वडिलांनी ती उलटी केली, मागे 'घेतलेले पैसे' असं शीर्षक घातलं आणि दिल्लीच्या खोलीभाड्यापासून हिशोब मांडला. त्यानंतर तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला नाही.

मग 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळालं, आणि त्याचा त्रास आमच्या गल्लीला झाला.

त्या तिघांनी योजनेचा परिणाम मोजायला औषधाच्या चाचणीसारखी रीत लावली होती. काही लोकांना योजना द्यायची, काहींना द्यायची नाही, कुणाला द्यायची ते चिठ्ठीने ठरवायचं, आणि मग दोघांत फरक काय पडला ते पाहायचं. जीआरने ठरवलं, ओला-सुका कचरा वेगळा करायचा प्रयोग आपल्या गल्लीत करू. वडिलांच्या पेन्शनमधून हिरव्या आणि निळ्या बादल्या आणल्या. भर चौकात नाणं उडवलं. डावी रांग आली. डाव्या रांगेतल्या प्रत्येक घरात दोन बादल्या गेल्या. उजव्या रांगेला काही नाही, ती 'कंट्रोल ग्रुप'.

उजव्या रांगेचा कंट्रोल दोन दिवस टिकला. तिसऱ्या सकाळी बायका त्याच्या दारात.

"आम्ही काय पाप केलं रे?"

"पाप नाही काकू. तुम्ही तुलनेसाठी आहात."

"तुलनेसाठी? त्या समोरचीशी माझी तुलना?"

त्यातून त्याची सख्खी मावशी उजव्या रांगेत. "तुझी मावशी कोणत्या बाजूला राहती, हे त्या नाण्याला म्हाईत नव्हतं का?"

"मावशी, रँडम असतं ते."

"मंग परत उडव."

त्याने परत उडवलं नाही, हे त्याच्या शास्त्रनिष्ठेला शोभून दिसलं. पण मावशीने महिनाभर बोलणं टाकलं, आणि उजव्या रांगेने कचरा मुद्दाम डाव्या रांगेच्या बादल्यांत टाकायला सुरुवात केली, त्यामुळे दोन्ही गट एकमेकांत मिसळले. शेवटी पाहणी केली तेव्हा निळ्या बादल्यांत पाणी भरून ठेवलेलं, हिरव्यांपैकी एकीत तांदूळ, एकीत कोंबडीची पिल्लं. अहवालात त्याने लिहिलं : 'साधनांचा स्वीकार 100 टक्के. वापरात स्थानिक वैविध्य आढळले.' हे वाक्य वाचून मला खात्री पटली की हा मुलगा या क्षेत्रात नाव काढणार.

घरातली सर्वेक्षणं हा आणखी एक प्रकार. त्याची आजी वैजापूर तालुक्यातली, बाहत्तरच्या दुष्काळात पाझर तलावावर खडी फोडलेली. आणि जीआरचं दैवत म्हणजे वि. स. पागे. सांगलीकडचा हा माणूस अठरा वर्षं विधान परिषदेचा सभापती होता. जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचं, ही कल्पना त्यांनी 1965 च्या सुमारास तासगाव तालुक्यात करून पाहिली. दुष्काळात ती राज्यभर लोकांच्या उपयोगी पडली, 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, 1979 च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लागू झाला आणि 2005 मध्ये देशाला त्याच वळणाचा कायदा मिळाला. महाराष्ट्राने देशाला दिलेलं एवढं मोठं धोरण दुसरं सांगता येणार नाही. त्याचा एक जिवंत पुरावा घरातल्या खाटेवर बसून तंबाखू मळतोय, हे ध्यानात येताच जीआर प्रश्नावली घेऊन तिच्यापुढे बसला.

"सदर योजनेमुळे आपल्या जीवनमानात सुधारणा झाली, या विधानाशी आपण कितपत सहमत आहात? अगदी सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, अगदी असहमत."

"काय इचारतो लेकरा?"

"योजनेनं बरं झालं का, आजी?"

"हाताला फोड आले. सुकडी खाऊन खाऊन तोंडाची चव गेली. पर लेकरं जगली. तुझा बाप त्यातलाच." आजीने तंबाखू दाढेखाली धरली. "आता याची खूण कुठं करायची ती तू कर."

त्याने बराच वेळ पेन हातात धरलं आणि 'तटस्थ'वर खूण केली. खडी फोडून पोरं जगवलेली बाई कागदावर तटस्थ झाली. मी सर्वेक्षणांचे निष्कर्ष तेव्हापासून थोडे बेतानेच वाचतो.

पहिली खरी नोकरी मुंबईत लागली. सरकारी खात्याच्या आत सल्लागार कंपनीची माणसं बसवून 'पीएमयू' नावाची खोली तयार करतात, तशा एका खोलीत. काम म्हणजे साहेबांना जे वाटतं ते आकड्यांसह स्लाइडवर मांडायचं. अकरा महिन्यांचा करार. पहिल्या पगाराची पावती घेऊन तो छावणीत आला आणि गल्लीभर पेढे वाटले. पेढे पगाराचे नव्हते. पावतीवर एक ओळ होती, व्यवसाय कर रुपये 300, तिच्याखाली त्याने लाल पेनाने रेघ मारली होती.

"काका, हा कर 1975 मध्ये कशासाठी लावला? रोजगार हमीसाठी! शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचे पैसे द्यायचे. आता मी पागेसाहेबांच्या योजनेत आहे."

आई म्हणाली, "पैसे कापले म्हणून पेढे?"

"फेब्रुवारी होता म्हणून तीनशे. एरवी महिन्याला दोनशेच. वर्षाचे अडीच हजार." आवाजात असा अभिमान की जणू दर त्यानेच ठरवला होता. वडिलांनी पेढा खाल्ला, पावती नीट घडी करून आपल्या पेन्शनच्या फाइलला लावली. मुलाच्या करिअरचा घरात असलेला हा एकमेव मूळ दस्तऐवज. वर्ष भरायच्या आत करार संपला. अडीच हजार काही पूर्ण झाले नाहीत.

नंतर काही दिवस तो एका आमदारांकडे होता. विधिमंडळात विचारले जाणारे तारांकित प्रश्न असल्याच पोरांनी लिहिलेले असतात. त्यांचा साचा पक्का. अमुक झाले, हे खरे आहे काय. असल्यास, चौकशी केली आहे काय. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? नागपूरच्या अधिवेशनाला जाऊन आल्यावर तो घरातही तसाच बोलायला लागला.

"आई, दुपारी भरली वांगी करण्यात आली होती, हे खरे आहे काय?"

"हे अंशतः खरे आहे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. एवढी वर्षं त्याच्याबरोबर राहून तीही तयार झाली आहे.

"असल्यास, माझ्यासाठी शिल्लक ठेवण्यात आली आहेत काय?"

"प्रश्न उद्भवत नाही."

आमदारांकडे त्याने जीव ओतून एक प्रश्न लिहिला होता, छावणीतल्या घरदुरुस्तीच्या परवान्यांचा. इथे पत्रा बदलायचा तरी परिषदेकडे अर्ज लागतो. चार उपप्रश्न, सोबत जोडपत्र. प्रश्न परत आला : विषय राज्य शासनाच्या अखत्यारीत नाही. केंद्राच्या यादीतली तिसऱ्या क्रमांकाची नोंद आडवी आली. त्याच सूचीचा तो आम्हाला टपरीवर क्लास घ्यायचा! ते दिवस त्याने चहा रोखीने प्यायला, यावरून मामूंनी ओळखलं की पोरगं मनाला लावून घेऊन बसलंय.

लग्नाचं थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच आटपतं. मुलीकडचे विचारतात, परमनंट आहे का? तो म्हणतो, प्रकल्पाधारित. पोहे संपतात.

आता त्याच्या कर्तृत्वाचा खरा काळ. 2024 च्या पावसाळ्यात बायकांच्या खात्यात दरमहा पैसे टाकणारी लाडकी बहीण योजना आली. 28 जूनला जीआर निघाला आणि 3 जुलैला त्यात दुरुस्ती. वय 60 चं 65 झालं, पाच एकरांची अट गेली, अधिवास दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला चालेल असं ठरलं, पिवळ्या-केशरी कार्डाला उत्पन्नाचा दाखला लागेनासा झाला. शहरातल्या निम्म्या सेतू केंद्रांत अजून जूनचाच जीआर चालू होता, आणि दाखल्यासाठी रांगा तहसीलच्या बाहेर रस्त्यावर. जीआरच्या ओट्यावर मात्र जुलैचा जीआर प्लॅस्टिकच्या कव्हरात टांगलेला.

सकाळी सातपासून बायका. नऊवारीतल्या, बुरख्यातल्या, चर्चमधून परस्पर आलेल्या. तो पाटावर बसून फॉर्म भरत होता, आणि मी पाहिलं, त्याच्या तोंडून 'सदर' एकदाही निघालं नाही. मराठीशी मराठी, दखनीशी दखनी. बिदरहून लग्न होऊन आलेली एक बाई आली. जन्म कर्नाटकातला, दाखला कानडीत, दोन ठिकाणांहून परत पाठवलेली. तिने कागदांची पिशवी नुसती पुढे केली, बोलली नाही. त्याने कव्हरातला जीआर काढला, एका ओळीवर बोट ठेवलं. "इसमें लिखा है. परराज्यात जन्म, महाराष्ट्रात लग्न, तर नवऱ्याचा दाखला चलता है. शौहर की टीसी है? घर में देखो, लोहे की पेटी में होगी." बाई गेली आणि खरंच पेटीतून टीसी घेऊन आली. पेटीत असेल हे याला कसं कळलं, तर छावणीतल्या सगळ्या टीसी लोखंडी पेटीतच असतात. हे ज्ञान कुठल्याच सर्टिफिकेटात शिकवत नाहीत.

ऑगस्टच्या मध्यावर तीन-तीन हजार जमा झाले, आणि 19 ऑगस्टला रक्षाबंधन. त्या दिवशी जीआरच्या मनगटापासून कोपरापर्यंत राख्या होत्या. ओवाळणीची तरतूद नव्हती. ती मामूंनी गल्ल्यातून काढून दिली आणि पहिल्यांदाच वहीत आकडा लिहिला.

तेवढ्यात सरकारी योजना लोकांपर्यंत पोचवायला मुख्यमंत्री योजनादूत निघाले, महिना दहा हजार, वयोमर्यादा पस्तीस. या एका गाडीत तो वेळेवर चढला. पण पाट मांडून जे काम त्याने फुकट केलं होतं, त्याचंच नेमणूकपत्र हाती पडेपर्यंत विधानसभेची आचारसंहिता लागली.

अलीकडे त्याचा बायोडेटा मी वाचला. तीन पानं. ऑनलाइन कोर्स सगळे आहेत. बादल्यांचा प्रयोग 'रँडमाइज्ड पायलट' म्हणून आहे, कोंबडीची पिल्लं वगळून. आजी 'प्राथमिक क्षेत्रीय मुलाखत' म्हणून आहे. ओट्यावरचा पावसाळा कुठेच नाही.

"अरे, ते का नाही लिहिलं?"

"काका, त्याला आउटकम इंडिकेटर नाही. आणि ओट्याचं सर्टिफिकेट कोण देणार?"

यावर मी चिडलो, आणि अजूनही चिडलेलाच आहे. ज्या टेबलाच्या शोधात हा दिल्लीपर्यंत गेला ते त्याच्या ओट्यावर दोन महिने मांडलेलं होतं, आणि याने त्यावरचा पाट उचलून घरात ठेवला. धोरण कुठल्या ओळीत अडतं ते त्याच्याइतकं नेमकं सांगणारा माणूस मी पाहिला नाही. पण तो स्वतःला मोजतो मुंबईच्या स्लाइडांनी. पागे काही बायोडेटा घेऊन तासगावला गेले नव्हते.

सध्या तो नव्या गडबडीत आहे. छावण्यांच्या नागरी वस्त्या शेजारच्या स्थानिक स्वराज्य संस्थांत घालायचं केंद्राने काढलंय. हिमाचलमधल्या खास योलला एप्रिल 2023 मध्ये सुरुवात झाली. महाराष्ट्रात अशा सात छावण्या, आपली त्यातली एक. जीआरकडे या विषयावर दोन टिपणं तयार आहेत, एक विलीनीकरणाच्या बाजूचं, एक विरोधातलं, दोन्ही आठ पानी, दोन्हींत तक्ते तेच. समोरचा कोण आहे ते पाहून तो काढतो. विचारलं तर म्हणतो, "सल्लागाराने पर्याय मांडायचे, निवड राज्यकर्त्याने करायची." मला वाटतं मनातून त्याला विलीनीकरण नकोच असणार. पुलाच्या दोन्ही अंगांना एकच कायदा झाला, तर त्याच्याकडे कोण येणार?

तोवर तुमचं छावणीत काही अडलं असेल, जीएलआरचा उतारा असो की जन्माचा दाखला, तर सरळ त्याच्याकडे जा. पैसे घेत नाही. सकाळी दहाच्या आत गाठा. दहानंतर तो वेबिनारला बसतो. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा असेल तर दहा रुपये सोबत न्या, पण छावणी परिषद केंद्राची असल्यामुळे तिथे पोस्टल ऑर्डर चालते, आणि महापालिका राज्याची म्हणून तिथे कोर्ट फी तिकीट. दोन्ही नेलेलं बरं. आपलं गटार नेमकं कुणाच्या हद्दीत येतं, ते त्याच्याकडे गेल्यावरच कळतं.